चौथा सिलिंडर : एमजीबीच्या अडखळत्या आयडलिंगच्या नोंदी

६ जानेवारी

गाडी १९६७ ची एमजीबी (ब्रिटिश स्पोर्ट्स कार), इंजिन १७९८ सीसीचे, पाच मेन बेअरिंगचे, त्यावर एसयू बनावटीचे एचएस४ जातीचे दोन कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारे) आणि लुकासचा २५डी४ डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक सिलिंडरला ठिणगीची वीज वाटणारा). तक्रार अशी की थंड असताना चोक ओढून इंजिन व्यवस्थित चालते. पण तापले, चोक आत गेला, की आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी असताना मिनिटाला ८०० फेऱ्यांवर, ते हलू लागते, गिअरची दांडी थरथरते आणि सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला तर एका ठरावीक अंतराने एक ठोका गळल्यासारखा जाणवतो. १५०० फेऱ्यांच्या वर मात्र इंजिन इतके गुळगुळीत चालते की दोष आहे यावर विश्वास बसू नये. ही शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची होती, हे मला बऱ्याच उशिरा कळले.

आजची चूक आधी नोंदवतो. काहीही न मोजता मी दोन्ही कार्ब्युरेटरचे, पेट्रोलचे प्रमाण ठरवणारे, जेटचे नट फिरवले. मागच्या कार्ब्युरेटरचा नट खाली घेत मिश्रण गडद, म्हणजे जास्त पेट्रोलचे, केले, तेव्हा इंजिन थोडे शांत झाल्यासारखे वाटले, म्हणून आणखी खाली घेतला. मग आयडलिंगचा स्क्रू आत घेऊन फेरे ११०० वर नेले आणि थरथर जवळजवळ नाहीशी झाली. संध्याकाळी लक्षात आले की नट मुळात कोठे होते याची नोंद माझ्याकडे नाही आणि ११०० फेऱ्यांवर दोष दिसत नाही म्हणजे दोष गेला असे नाही. ज्यांना हेच काम करायचे आहे त्यांनी पहिल्या दिवशी हात खिशात ठेवावेत आणि फक्त लिहावे : फेरे किती, थंड की तापलेले, प्लगचे रंग कोणते, नट वरच्या टोकापासून किती पैलू (नटाच्या सहा सपाट बाजूंपैकी एकेक) खाली आहेत.

७ जानेवारी

दोन्ही जेट वरच्या टोकापर्यंत नेऊन तेथून नट बारा पैलू, म्हणजे दोन पूर्ण वेढे, खाली आणले. एचएस४ साठी ही आरंभाची नेहमीची जागा आहे. अंतिम नव्हे, पण तेथून इंजिन चालते. आयडलिंग पुन्हा अडखळू लागले आणि ते बरेच झाले, कारण दोष समोर असल्याशिवाय शोधता येत नाही.

त्यानंतर एकेक सिलिंडर बंद करून फेरे किती पडतात ते पाहिले. प्लगची वायर काढून ती मोकळी लोंबकळत ठेवू नये; कॉइलमधील विजेच्या दाबाला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर तो रोटर, कॅप किंवा कॉइलच्या आतील इन्सुलेशन फोडतो. मी जादाचा एक प्लग इंजिनाच्या धातूला टेकवून अर्थ (विजेची परतीची जोडणी) करून ठेवला आणि इन्सुलेटेड पकडीने काढलेली वायर त्यावर बसवत गेलो. सुमारे १००० फेऱ्यांवर पहिला सिलिंडर बंद केल्यावर १५० फेरे पडले, दुसऱ्याला १४०, तिसऱ्याला १००, आणि चौथ्याला जेमतेम २०. म्हणजे चौथा सिलिंडर आयडलिंगला जवळजवळ काहीच काम करत नव्हता आणि तिसराही थोडा आळसावलेला होता.

या इंजिनाच्या हेडमध्ये चार सिलिंडरांना आत येण्याची दारे दोनच आहेत. पहिल्या-दुसऱ्याला एक आणि तिसऱ्या-चौथ्याला एक. पुढचा कार्ब्युरेटर मुख्यतः पहिल्या जोडीला आणि मागचा दुसऱ्या जोडीला पुरवठा करतो. अशक्त दोन्ही सिलिंडर मागच्या जोडीतले, तेव्हा दोष मागच्या कार्ब्युरेटरचा, असा निष्कर्ष मी काढला. प्लग काढले तेव्हा चौथा काळा आणि ओलसर होता, पण तिसरा फक्त थोडा गडद तपकिरी होता. एकाच दारातून येणारे मिश्रण एका सिलिंडरला काळे आणि शेजारच्याला तपकिरी कसे करील, हा प्रश्न मला त्याच वेळी पडायला हवा होता. प्लग माझ्या हातात होते, उजेड पुरेसा होता आणि तरीही मला जे पाहायचे होते तेवढेच मी पाहिले.

१३ जानेवारी

मागचा कार्ब्युरेटर पूर्ण उघडला. कार्ब्युरेटरच्या आतला पिस्टन त्याच्या घुमटातून मोकळा पडतो की अडकतो, सुई वाकली आहे का, जेट मध्यावर आहे का, फ्लोटची पातळी आणि सुईझडप, सर्व तपासले. जेट किंचित एका बाजूला होते, ते मध्यावर आणले, म्हणजे पिस्टन सोडल्यावर तो पुलावर (जेटभोवतीच्या उंचवट्यावर) टेकल्याचा स्वच्छ ‘टक्’ आवाज आला. नवे जेट, सुई, गॅस्केटांचा संच आणि फ्लोटची सुईझडप बसवली. आयडलिंगमध्ये काहीही फरक पडला नाही. संचाचा खर्च अनावश्यक होता. जुने जेट आणि सुई दोन्ही वापरण्याजोगी होती.

घुमट आणि पिस्टन यांची जोडी कारखान्यातच जुळवलेली असते, त्यामुळे तपासणीसाठी पुढच्या-मागच्या कार्ब्युरेटरचे पिस्टन आपसात बदलण्याचा मोह टाळावा. घुमटातील तेलाबद्दलही एक गोष्ट : पातळी कमी असेल तर अचानक रेस केल्यावर इंजिन गुदमरते, पण स्थिर आयडलिंगशी त्याचा संबंध नाही. त्या तेलावर मी अर्धा तास घालवला, तो घालवायला नको होता.

एक गोष्ट मात्र उघडताना बोटांना जाणवली होती. थ्रॉटलचा दांडा वर-खाली हलवला की तो बुशमध्ये किंचित खडखडत होता. मी वहीत ‘दांडा थोडा सैल’ असे लिहिले आणि तसाच पुन्हा जोडला.

२० जानेवारी

आज इग्निशन. आधी सर्वांत स्वस्त तपासणी केली : पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरचे प्लग आपसात बदलले, मग वायर बदलल्या. दोष चौथ्यातच राहिला. त्यामुळे प्लग आणि वायर दोन्ही निर्दोष ठरले आणि नवी वायर विकत घेण्याचा विचार सोडता आला. १३ तारखेलाही हीच पद्धत वापरली असती, म्हणजे नवे भाग आणण्याआधी असलेले भाग हलवून दोष त्यांच्याबरोबर हलतो का हे पाहिले असते, तर एक सुटी वाचली असती.

पण ड्वेल मीटरवर (डिस्ट्रिब्युटरमधले, कॉइलचा प्रवाह जोडणारे-तोडणारे पॉइंट किती अंश मिटलेले राहतात ते दाखवणारा) काटा ५५ ते ६३ अंशांदरम्यान भटकत होता. या डिस्ट्रिब्युटरला तो ६० च्या आसपास, तीनेक अंश इकडे-तिकडे, राहायला हवा. ठिणगी नेमकी कधी पडते ते दाखवणारा टायमिंग लाइट लावल्यावर पुलीवरची खूणही एका जागी थांबत नव्हती. (या वयाच्या इंजिनांत टायमिंगच्या खुणा खालच्या बाजूला असतात, वाकून पाहण्याआधी पुलीच्या खाचेत पांढरा रंग भरून घ्यावा.)

कॅप आणि रोटर काढून पाहिले. डिस्ट्रिब्युटरच्या आत पॉइंट ज्या पाटावर बसतात तो पाट व्हॅक्यूमच्या डबीमुळे फिरतो, आणि त्याला डिस्ट्रिब्युटरच्या अंगाशी जोडणारी कापडी वेष्टणाची बोटभर लांबीची अर्थची वायर असते. वरून ती अखंड दिसत होती. सुईने वेष्टण बाजूला सारले तेव्हा आत तांब्याचे तीन-चार तंतूच शाबूत होते. बाकीचे तुटून, हिरवे पडून, एकमेकांना नुसते टेकलेले होते. पाट जरा हलला की अर्थ कमीजास्त होत होता. तशीच लवचिक, बारीक तंतूंची वायर डाग देऊन बसवली. येथे जाड साधी वायर लावू नये, कारण ती पाटाला मोकळेपणी फिरू देत नाही.

पॉइंटही बदलले, फट ०.०१५ इंच ठेवली. मग इंजिन सुरूच होईना. पुढचे तीन तास मी कॉइल, कंडेन्सर, किल्लीच्या स्विचकडून येणारा पुरवठा अशा सर्व ठिकाणी मल्टीमीटर लावत होतो. चूक पॉइंटच्या खांबावर होती. तेथे खांद्याचा एक छोटा प्लॅस्टिकचा बुश असतो. कंडेन्सरच्या आणि कॉइलकडून येणाऱ्या वायरीच्या डोळ्या (टोकांच्या धातूच्या कड्या) या बुशच्या नळीवर, पॉइंटच्या स्प्रिंगला चिकटून बसाव्या लागतात, आणि त्यांतील कोणाचाही खांबाला किंवा नटाला स्पर्श होता कामा नये. मी एक डोळी बुशच्या वर, थेट नटाखाली ठेवली होती. त्यामुळे पॉइंट उघडले तरी कॉइल कायम अर्थच राहत होती. नवे पॉइंट बसवल्यावर इंजिन सुरू झाले नाही तर सर्वांत आधी हीच जागा पाहावी.

दुरुस्तीनंतर ड्वेल ५९ ते ६१ वर आले. व्हॅक्यूमची नळी काढून, तिचे तोंड बंद करून, ६०० फेऱ्यांवर टायमिंग टीडीसीच्या (पिस्टनच्या सर्वांत वरच्या टोकाच्या) १४ अंश आधी ठेवले. व्हॅक्यूमच्या नळीतून तोंडाने हवा ओढून जीभ लावली, तेव्हा पाट फिरून तसाच राहिला, म्हणजे डबीतील पडदा शाबूत आहे. सर्वसाधारण चाल सुधारली. मधूनमधून येणारे अनियमित हिसके गेले. मात्र तो ठरावीक अंतराने गळणारा ठोका तेथेच होता. चौथा सिलिंडर बंद केल्यावर फेरे आता २५ पडत होते.

२७ जानेवारी

व्हॅक्यूम गेज आणला आणि इनलेट मॅनिफोल्डला जोडला. निरोगी इंजिन आयडलिंगला साधारण १७ ते २१ इंच पारा दाखवते आणि काटा स्थिर असतो. येथे काटा १५ वर होता, आणि दर काही क्षणांनी दोन इंच खाली झटका मारून परत येत होता. ही दोन वेगळी लक्षणे आहेत : एकूण पातळी कमी असणे आणि नियमित झटका. मी त्यांना एकच समजलो आणि हवेची गळती शोधायला निघालो.

गळती शोधण्यासाठी इंजिनाच्या श्वासनळीची पीसीव्हीकडे (इंजिनाच्या पोटातील वाफा मॅनिफोल्डमध्ये सोडणाऱ्या झडपेकडे) जाणारी रबरी नळी पकडीने दाबून पाहिली, फरक नाही. माझ्या गाडीत ब्रेकचा सर्व्हो नाही, त्यामुळे ती एक शंका आपोआप कमी झाली. मग कार्ब्युरेटर साफ करायच्या फवाऱ्याचे अगदी छोटे थेंब एकेका सांध्यावर टाकले. हा द्रव पेट घेतो. अग्निशामक हाताशी ठेवावा, एक्झॉस्टच्या नळ्यांवर एक थेंबही जाऊ देऊ नये आणि फवारा सलग मारू नये. मॅनिफोल्डच्या गॅस्केटवर काही झाले नाही. कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्डमधल्या ठोकळ्यावरही नाही. मागच्या कार्ब्युरेटरच्या थ्रॉटलच्या दांड्यावर, ज्याबद्दल मी १३ तारखेला ‘थोडा सैल’ असे लिहून पुढे गेलो होतो, थेंब पडताच फेरे १०० ने वाढले आणि लगेच परत आले.

येथे पहिल्या दिवशीचे कोडे सुटले. दांड्याच्या सैल बुशमधून जादा हवा येत होती, म्हणून मागच्या जोडीचे मिश्रण विरळ होत होते. मी नट खाली घेऊन ते गडद केले, म्हणून इंजिन क्षणभर शांत वाटले आणि कमी जळणारा चौथा सिलिंडर काजळीने काळा झाला. थ्रॉटल बंद असताना इंजिन इतकी कमी हवा घेते की सुईच्या जाडीएवढी फटही मोठा वाटा उचलते. थ्रॉटल उघडल्यावर तीच फट नगण्य ठरते.

दोन्ही कार्ब्युरेटरची अंगे बुश बसवण्यासाठी लेथवर काम करणाऱ्या एका कारागिरांकडे दिली. दोन्ही बाजूंचे बुश एकाच रेषेत यायला हवेत, नाहीतर दांडा जड फिरतो, म्हणून हे काम हाताच्या ड्रिलने करण्याचा विचार सोडला.

३ फेब्रुवारी

कार्ब्युरेटर परत आले, नव्या दांड्यांसह जोडले. इंजिन सुरू केले तर फेरे १४०० च्या खाली येईनात. तासभर थ्रॉटलची तार आणि स्प्रिंगा तपासल्यावर कळले की मागच्या थ्रॉटलची चकती उलटी बसली आहे. चकतीच्या कडा तिरप्या तासलेल्या असतात. ती एकाच बाजूने पूर्ण बंद होते. चकती बसवताना स्क्रू सैल ठेवून, थ्रॉटल दोन-तीनदा सोडून चकतीला स्वतःची जागा घेऊ द्यावी, उजेडासमोर धरून कडेने प्रकाश दिसत नाही याची खात्री करावी, मगच स्क्रू आवळावेत आणि त्यांची फाकलेली टोके पसरवावीत. ती टोके पसरवली नाहीत आणि स्क्रू सुटला तर तो थेट सिलिंडरमध्ये जातो.

गेज आता १७.५ दाखवत होता. तिसरा सिलिंडर बंद केल्यावर १४० फेरे पडले, म्हणजे तो पूर्ण बरा झाला. काट्याचा नियमित झटका मात्र तसाच, आणि चौथा सिलिंडर बंद केल्यावर फेरे ४०. म्हणजे एकाच कोपऱ्यात दोन दोष होते. त्यांतील एकाने तिसऱ्यालाही आजारी पाडले होते, म्हणून मी दोघांचे कारण एकच मानत राहिलो.

दुपारी अखेर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते, मोजले. इंजिन तापवून चारही प्लग काढले आणि मोजू लागलो, तर सर्व आकडे ११० पीएसआयच्या (चौरस इंचावर पाउंड) आसपास आले, चौथा ८५. इंजिनच संपले की काय असे वाटून पोटात गोळा आला. मग आठवले की थ्रॉटल बंद होता. हवा आत यायलाच वाट नव्हती. थ्रॉटल पूर्ण उघडा धरून पुन्हा मोजले : १५८, १५५, १५२ आणि चौथा ११८. चौथ्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजले तेव्हा १२०. पिस्टनच्या रिंगांमधून गळती असती तर तेलाने ती तात्पुरती बुजून आकडा बराच वर चढला असता. तो चढला नाही, म्हणजे गळती व्हॉल्व्हमधून किंवा हेड गॅस्केटमधून.

इंजिन पूर्ण थंड होऊ दिले आणि रात्री टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट, पाहिले. या इंजिनात थंड असताना सर्व व्हॉल्व्हना ०.०१५ इंच, म्हणजे ०.३८ मिलिमीटर फट हवी. बेरीज नऊ करण्याची रीत सोपी आहे : आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असताना पहिला मोजायचा, सहावा दाबलेला असताना तिसरा, आणि याप्रमाणे. सात व्हॉल्व्ह ०.०१३ ते ०.०१६ मध्ये होते. आठव्याखाली, म्हणजे चौथ्या सिलिंडरच्या एक्झॉस्टखाली, ०.०१५ चे पाते शिरेना, ०.०१० चे शिरेना, ०.००६ चे पाते घासत आत गेले.

आता १५०० फेऱ्यांच्या वरच्या गुळगुळीतपणाचा अर्थ लागला. फट कमी असल्याने तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण टेकत नाही आणि दाबलेले मिश्रण तेथून निसटते. कमी फेऱ्यांवर निसटायला वेळ भरपूर मिळतो. जास्त फेऱ्यांवर तेवढा वेळच नसतो, म्हणून दोष लपतो. थंड इंजिन बरे का चालत होते, हेही त्यातूनच समजते.

आठवा व्हॉल्व्ह ०.०१५ वर आणला.

४ फेब्रुवारी

चौथ्याचे कॉम्प्रेशन १४१. आयडलिंग ७५० फेऱ्यांवर, थरथर जवळजवळ नाही. काम झाले असे वहीत लिहिले आणि अवजारे पुसून ठेवली.

१४१ हा आकडा इतर तिघांपेक्षा अजूनही कमी होता आणि फट मुळात का कमी झाली होती हे मी विचारले नव्हते. टॅपेटची फट वापराने बहुतेक वाढते; एकाच व्हॉल्व्हची कमी होते तेव्हा तो व्हॉल्व्ह वर सरकत असतो, म्हणजेच आपल्या बैठकीत खोल जात असतो. हे मला वाचून माहीत होते. थकलो होतो आणि गाडी चालवायची होती, म्हणून ते बाजूला ठेवले.

२ मार्च

साधारण ६०० किलोमीटर झाले, त्यात महामार्गावरचा एक लांब, वेगाचा प्रवास. परतताना पहिल्याच सिग्नलला गिअरची दांडी पुन्हा थरथरू लागली. रात्री इंजिन थंड झाल्यावर आठवा व्हॉल्व्ह मोजला : ०.०११ इंच. महिन्याभरात चार हजारांश इंच गेले होते.

३ मार्च

हेड काढण्याआधी खात्री करून घेतली. चौथा सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून दाबाची हवा सोडली. येथे एक इशारा : पिस्टन अगदी टोकाला नसेल तर हवा क्रँक फिरवते. माझा पाना पुलीच्या बोल्टवर राहिला होता आणि तो जोरात फिरून रेडिएटरच्या पाठीवर आदळला. सुदैवाने हात तेथे नव्हता आणि रेडिएटर फुटला नाही. पाना काढून घ्यावा, गाडी गिअरमध्ये टाकून हँडब्रेक ओढावा, मगच हवा सोडावी.

हवा कोठून निसटते ते ऐकले. ऑइल भरायच्या तोंडाशी अगदी मंद, जी थोडी असतेच. कार्ब्युरेटरच्या तोंडाशी शांत. रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत, म्हणजे गॅस्केट बरे. गाडीच्या मागे जाऊन गुडघ्यावर बसून सायलेन्सरच्या नळीशी कान नेला, तेव्हा तेथे सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तसा एकसारखा, न तुटणारा फुस्कारा ऐकू आला, आणि गालाला थंड वाऱ्याची बारीक धार लागली. आठ आठवडे ज्याच्यामागे होतो ते तेथे होते.

९ मार्च

हेड उतरवले. या इंजिनात हेडच्या अकरा नटांपैकी चार रॉकर शाफ्टलाही धरून ठेवतात. त्यामुळे नुसता रॉकर शाफ्ट काढायचा असला तरी आधी कूलंट काढून घ्यावे आणि अकराही नट ठरलेल्या क्रमाने थोडे-थोडे सैल करावेत, नाहीतर हेड वाकडे होऊ शकते आणि पाणी सिलिंडरमध्ये उतरते. पुशरॉड काढताना पुठ्ठ्याला आठ भोके पाडून त्यांत क्रमाने खोवून ठेवले. हेड जागचे हलेना, पण सांध्यात स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटले नाही; लाकडी हातोडीने कडेकडेने ठोकत राहिल्यावर अर्ध्या तासाने ते सुटले.

आठवा व्हॉल्व्ह हातात घेऊन खिडकीशी नेला. ज्या कडेवर राखाडी, एकसारखे, गुळगुळीत कडे दिसायला हवे, तेथे एका बाजूला नखाच्या रुंदीएवढा पट्टा काळा आणि खडबडीत होता. नख फिरवले की अडकत होते. हेडमधील त्याची बैठक शेजारच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीपेक्षा खोल गेलेली साध्या डोळ्यांना दिसत होती, आणि तिच्या भोवती धातूचा उंबरठा तयार झाला होता. बाकीचे तीन एक्झॉस्टही थोडे खोल होते.

कारण असे की हे हेड ओतीव लोखंडाचे आहे आणि बैठका थेट त्याच लोखंडात कापलेल्या आहेत. त्या काळच्या पेट्रोलमधील शिशाचा थर बैठकीचे रक्षण करीत असे. शिसेविरहित पेट्रोलवर, विशेषतः सतत वेगात चालवल्यास, एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड तापून बैठकीला चिकटते आणि दर ठोक्याला लोखंडाचा सूक्ष्म कण उपटून काढते. बैठक झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो, फट बुजते, मग व्हॉल्व्हला थंड व्हायला टेकायला मिळत नाही आणि तो जळू लागतो. फेब्रुवारीत टॅपेट पुन्हा सेट करून मी या साखळीतली शेवटून दुसरी कडी तेवढी सरळ केली होती.

हेड कार्यशाळेत दिले : आधी तडे तपासायचे, मग चारही एक्झॉस्टना कठीण धातूच्या बैठका बसवायच्या, नवे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि गाइड बसवायचे. एकट्या आठव्याचे काम करून घ्यावे का, असे मी तेथील कारागिरांना विचारले. त्यांनी हेड उलटे करून बाकीच्या तिन्ही बैठकांवर बोट फिरवले आणि म्हणाले, ‘‘हे तिघेही त्याच रांगेत उभे आहेत.’’ चारही करून घेतल्या.

२३ मार्च

हेड परत आले. बसवण्याआधी प्रत्येक पोर्टमध्ये रॉकेल ओतून दहा मिनिटे व्हॉल्व्हच्या कडेने ओल येते का ते पाहिले. आठही कोरडे राहिले. नवे गॅस्केट, स्वच्छ स्टड, अकराही नट क्रमाने तीन टप्प्यांत ४५ ते ५० पाउंड-फूटपर्यंत, म्हणजे ६१ ते ६८ न्यूटन-मीटरपर्यंत आवळले. टॅपेट ०.०१५. इंजिन एकदा पूर्ण तापवून रात्रभर थंड केल्यावर नट पुन्हा क्रमाने तपासले. तीन नट थोडे पुढे गेले, आणि त्यानंतर टॅपेट पुन्हा मोजले तेव्हा सर्व फटी एखाद-दोन हजारांशांनी कमी झालेल्या होत्या. ही दुसरी मोजणी टाळली असती तर नव्या बैठकांवर मी पुन्हा कमी फटीनेच गाडी चालवली असती.

कॉम्प्रेशन : १६२, १६०, १५८, १६०.

आता कार्ब्युरेटरची पाळी, सर्वांत शेवटी. दोघांना जोडणाऱ्या दांड्याचे क्लँप सैल केले, एकेकाच्या तोंडाशी रबरी नळी धरून दुसरे टोक कानाशी नेले आणि दोन्हीकडचा हवेचा आवाज सारखा होईपर्यंत आयडलिंगचे स्क्रू फिरवले. मग मिश्रण : पिस्टन उचलायची पिन दाबून पिस्टन साधारण ०.८ मिलिमीटर उचलायचा. फेरे वाढून वाढलेलेच राहिले तर मिश्रण गडद, लगेच पडले तर विरळ, क्षणभर किंचित वाढून परत आले तर बरोबर. जानेवारीत याच पिनने मला दर वेळी वेगळे उत्तर दिले होते आणि मी पिनेवर अविश्वास दाखवला होता. आज दोन्ही कार्ब्युरेटरनी तीनदा तेच उत्तर दिले. मागच्याचा नट तेरा पैलूंवर थांबला, पुढच्याचा बारावर. सहा जानेवारीला मी मागचा कितीवर नेला होता, हे आजही मला सांगता येत नाही.

गेज १९ इंचांवर, काटा हलत नाही. ७५० फेऱ्यांवर चारही सिलिंडर बंद करून पाहिले तेव्हा घट १४० ते १५० च्या दरम्यान आली. गिअरच्या दांडीच्या मुठीवर बोट ठेवून बराच वेळ बसलो होतो.

१४ एप्रिल

७०० किलोमीटर झाले, त्यात तोच महामार्ग पुन्हा. रात्री थंड इंजिनावर आठही टॅपेट मोजले. आठवा ०.०१५. ०.०१५ चे पाते हलक्या ओढीने आत गेले आणि ०.०१६ चे गेले नाही.

डिस्ट्रिब्युटरच्या दांड्याला किंचित आडवी हालचाल आहे आणि ड्वेल अजून दोन अंश सरकते. त्याचे बुश पुढच्या महिन्यात.